सव्वीस अंशांवर जगणारे

जिवंत किती आणि मेले किती हे मोजायची नोकरी असली की किस्से आपोआप साठतात. घरी सांगितले तर कोणाला जेवण जात नाही, म्हणून आम्ही ते लॅबजवळ मसाटच्या टपरीवर चहा पिताना सांगतो.

आमच्या लॅबमध्ये काळ्या आजाराचे परजीवी वाढवतात. चावणाऱ्या वालुमाशीच्या पोटात राहणारा जीव, त्याला सव्वीस अंश मानवतात. आम्ही त्याला माणसाच्या अंगाइतकं, मग त्याहून जास्त तापवतो, म्हणजे 'स्ट्रेस' देतो, पुन्हा सव्वीसवर आणतो आणि निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली बघतो. मेलेला निळा होतो, जिवंत रंग आत घेत नाही. भर मे महिन्यात एसी परजीवींच्या खोलीत आणि आम्ही पंख्याखाली! तक्रार केली तर साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर दुसरे मिळतील. हे नाही मिळणार."

आमच्या लॅबमधले सावंत नवीन होते तेव्हाची गोष्ट. टोकरखाड्याला घरी मुलाच्या काखेत थर्मामीटर लावला, सदतीस आलं. हे ताडकन उठून बायकोला म्हणाले, "अगं, स्ट्रेस सुरू झाला, गार कर त्याला!" माणसाचं पोर सदतीसलाच बरं असतं, हे वहिनींनी त्यांना सांगितलं.

आमच्याबरोबर काम करणारी वैशाली शिरपूरकडची. तिचे वडील राखोलीच्या सुताच्या कारखान्यातून रिटायर झालेले. एकदा तिचा डबा द्यायला आले, तेव्हा तिने त्यांना स्क्रीनवर सगळं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "मेले की तू लिहिते, वाचले की बी लिहिते. पोरी, तू हाये कोणाकडून?"

गेल्या श्रावणात तिच्या वडिलांना ताप आला. औषधं बदलली, दवाखाना बदलला, ताप काही हटेना. वैशाली सकाळी आली की सावंत विचारायचे, "उतरला का गं?" ती मानेनेच नाही म्हणायची. आमचा जीव तुटायचा.

एक दिवस तिने सकाळी परजीवींचा फ्लास्क चाळीस अंशांवर ठेवला आणि ती दवाखान्यात गेली. दुपारी फ्लास्क बाहेर काढायच्या वेळेला दारात उभी. "ताई, बाबा गेले. शिरपूरला न्यायला भाऊ गाडी बघतोय."

मी म्हटलं, "मी काढते फ्लास्क. तू जा, बाई."

तिने ग्लोव्ह्ज घातले, फ्लास्क काढून सव्वीसच्या कपाटात ठेवला आणि शेजारी स्टुलावर बसली. सावंत गाडीची किल्ली घेऊन तिच्यामागे उभे राहिले. मला रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने तिने एक थेंब काचेवर घेतला, निळा रंग घातला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्क्रीनवर फारसं कोणी निळं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "यांचा उतरला."