पाटलांचं घर आणि मास्तरांचा खिळा

ब्रश धुवायच्या डब्यात तळाशी गाळ साचतो ना, तसे आमच्या ड्रॉइंग क्लासातले किस्से साचलेत. जरा हलवलं की वर येतात! बुलढाण्यात मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात हा क्लास चाले. भिंतीवर एकच चित्र, कुण्या जुन्या इटालियन उस्तादानं काढलेल्या शहराची छापील प्रत. आमचे मास्तर म्हणत, "हे एक नीट उतरवा, मग जगातला कोणताही रस्ता काढाल!" गाव त्यांना 'नक्कल मास्तर' म्हणे. ते मास्तरांना फार लागायचं.

* * *

त्या चित्रात रस्त्याच्या जागी पाणीच पाणी. सोनाळ्याचा गोपाळ पहिल्याच दिवशी म्हणाला, "मास्तर, एवढा पूर आला अन् लोकं खिडकीत उभे काऊन?"

"पूर नाही रे, तो रस्ताच आहे त्यांचा."

"मंग बैलं कुठून जातात?"

पंधरा दिवसांनी गोपाळनं चित्र पुरं केलं. महाल जागच्या जागी, पण होडीऐवजी पाण्यावर बैलबंडी! मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि शेरा दिला, "बंडी चूक. चाकं बरोबर."

* * *

चित्रातल्या दूर जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे मास्तर खिळा ठोकत आणि त्याला दोरा बांधून रेषा तपासत. आमची भिंत फळ्यांची. खिळा थेट पलीकडे, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात निघाला. बाईंनी त्यावर झारा टांगला. इकडे दोरा ओढला की तिकडे झारा वाजायचा!

एक दिवस बाई दारात आल्या. "मास्तर, खिळा थोडा खाली घ्या ना, माहा हात पुरत नाही."

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बाई, तो क्षितिजावर आहे. हलवता येत नाही!"

* * *

महालाच्या सगळ्या खिडक्या जमल्यावर मला वाटलं, आता आपल्याला कोण अडवणार! फळी, पट्टी घेऊन बाजारात बसलो. एक डोळा मिटून पट्टी समोर धरली मात्र, किराणावाले धावत आले. "साहेब, माहा ओटा रस्त्यावर नाही हो!" त्यांना वाटलं, नागपूरच्या सरकारनं मोजणीला माणूस धाडला. बघता बघता पोती आत गेली, बांबूचे मांडव मागे सरले. माझं चित्र झकास आलं. इतका सरळ बाजार मी पुन्हा कधी पाहिला नाही.

* * *

शेवटी मास्तरांच्या परीक्षेचा दिवस आला. देऊळघाटजवळच्या एका गावातल्या नाटकाला पडदा हवा होता, त्याच गावाच्या रस्त्याचा. मास्तरांचं पहिलंच स्वतःचं काम! गावच्या पाटलांनी पडदा नापसंत केला तर 'नक्कल मास्तर' हे नाव जन्मभर चिकटणार होतं. गोपाळनं आणि मी जीव ओतून रंगवला. पाटलांची माडी रस्त्याच्या पार टोकाला, म्हणून पडद्यावर अंगठ्याएवढी! गोपाळ म्हणाला, "जरा मोठी काढू." मास्तर म्हणाले, "खिळा हलणार नाही."

पाटील सहकुटुंब पाहायला आले. सगळं गाव मागे उभं. पाटलांचा चेहरा उतरला.

"मास्तर, गावचा पाटील म्या, अन् माह्यंच घर सगळ्यात लहान काऊन हो?"

मास्तरांनी शांतपणे पडद्यावरच्या पाटलांच्या दारात खिळा टोचला आणि त्याला दोरा बांधला. मग तो ताणून एकेक छप्पर, एकेक ओटा, एकेक कुंपण दाखवलं.

"बघा पाटील. गावातली प्रत्येक रेषा कुठं येते? तुमच्या दारात!"

पाटलांनी दोरा स्वतः हातात घेतला, दोनदा ताणून पाहिला. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "असं हाये काय! सारं गाव माह्याच दारी येते!"

मागून पाटलीणबाईंचा आवाज आला, "म्हून त म्हणते म्या, लगन होऊन आली तवापासून माह्या चुलीवरचं चहाचं पातेलं खाली काऊन नाही उतरून राह्यलं!"