कुरुंदातली चांदणी

हे मी आजवर एक माणूस सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

आमच्या शेजारी गुळाचे एक व्यापारी राहायचे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. त्यांची सासुरवाडी म्हैसूरकडची. नव्वदच्या दशकात ते मला तिकडं सोबत न्यायचे, कशाला तर दगड गोळा करायला! माणिक आणि नीलम हे एकाच दगडाचे, कुरुंदाचे, दोन रंग, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. नांगरलेल्या रानातून आम्ही वाकून चालायचो. अण्णा शेतकऱ्यांशी कन्नडमध्ये गप्पा ठोकायचे आणि ढेकळांतून एखादा खडा माझ्या हाताला लागायचा. वाळलेल्या जांभळासारखा, मातकट. पण तांब्यातल्या पाण्यात बुचकळून काढला की सहा कडा अशा सरळ दिसायच्या, वाटावं कुणी पट्टी लावून आखल्यात. आखल्या कुणी? मातीखाली, अंधारात? मी तिथंच उभा राहायचो.

"आ वासून काय बघतोस, चल की पुढं," अण्णा म्हणायचे. पण थांबायचे तेही.

तमिळनाडूतून आम्ही निळे खडेही आणले. काश्मीरच्या नीलमाचं मात्र नुसतं नावच ऐकत राहिलो. अण्णांच्या बायकोला, काकूंना, नीलमाची धास्ती. "ती निळी पीडा माझ्या घरात नगं," म्हणायच्या. म्हणून निळे माझ्याकडं, लाल अण्णांकडं. अण्णांचा नियम एकच: दगडाला घासायचं चाक लावायचं न्हाय. जमिनीतून निघाला तसाच ठेवायचा.

पुढं त्यांच्या घराला रंग द्यायचा होता, तेव्हा लालही माझ्याकडं आले. त्यांतला लिंबाएवढा एक अण्णांचा सगळ्यात लाडका. त्याच्या सपाट माथ्यावर रेशमासारखी झाक होती. अशा दगडाला घासून घुमटाचा आकार दिला तर आत चांदणी दिसते, असं मी ऐकून होतो. एक दिवस तो खिशात घातला आणि गुजरीत, सराफांच्या गल्लीत, खडे घासणाऱ्या कारागिराकडं गेलो.

"बघा हं, परत जोडता येत न्हाय," तो म्हणाला.

मी मान हलवली. चाकावरून लालसर पाणी ओघळत राहिलं. कडा गेल्या.

मग बोराएवढा उरलेला तो घुमट त्यानं दारातल्या उन्हात धरला. आत सहा किरणांची पांढरी चांदणी उभी राहिली. दगड कलवला तशी ती सरकली, पाण्यावर तरंगत असल्यासारखी. अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही येतोय.

अण्णांना सांगितलं, दगड हरवला. ते धावत आले, गुडघे टेकून माझ्या कपाटाखाली, पलंगाखाली शोधत राहिले. शेवटी माझीच समजूत घातली, "दगुडच हाय की. तोंड पाडू नगंस."

त्यानंतर ती चांदणी मी गच्चीवर जाऊन बघायचो. एकटाच. ती बघून माझ्याइतका खुळावेल असा माणूस मला एकच ठाऊक होता, आणि नेमकं त्यालाच दाखवता येत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी अण्णा मुलाकडं बेळगावला कायमचे निघाले. टेम्पोत सामान चढत असताना मी तो दगड त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ते अंगणात गेले. उन्हात हात इकडं कलवला, तिकडं कलवला.

"ही आपल्या त्या दगडात हुती?"

"व्हय, अण्णा."

"आणि इतकी वर्सं एकटाच बघत बसलायस?" त्यांचा आवाज चढला. "घासलास ते घासलास. एक हाक मारता येत नव्हती व्हय रे, भिंतीपलीकडनं?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. अण्णांनी माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही. ते चांदणीकडंच बघत होते.