देवापुढचा पाव

शनिवार, सकाळचे साडेदहा. उत्तर कॅलिफोर्नियातलं जुनं, सोन्याच्या खाणींवर वसलेलं गाव. तिथल्या चिनी देवळाच्या दारात बुटांचा ढीग आणि त्या ढिगापुढे कमरेवर हात ठेवून उभा असलेला आमच्या देऊळ समितीचा अध्यक्ष, डेव्ह.

झालं होतं असं, की सॅन होजेहून आलेल्या एका पुणेरी कुटुंबाने बूट काढले. ते बघून मागच्या अमेरिकन पर्यटकांनीही काढले. त्या कुटुंबातला पोरगा कुरकुरत होता, "बाबा, ही इज नॉट इव्हन अवर गॉड."

बाप म्हणाला, "देव कुणाचाही असो, फरशी त्याची आहे."

मिसेस वाँग खुर्चीतून हे बघत होत्या. त्यांचे आजोबा इथले पुजारी. म्हणाल्या, "माझे आजोबा बूट घालूनच पूजा करायचे. इथे थंडी किती पडते!"

किस्से उदबत्तीच्या राखेसारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण साठतात. मी नागपुरात वर्तमानपत्रासाठी उभी हयात क्राइम बीट केला. रिटायर होऊन मुलीकडे आलो, घरात बसवेना, म्हणून या देवळात व्हॉलंटियर झालो. मजेत आहे. भांडण एकच आहे, ते दारावरच्या पाटीशी.

पाटी म्हणते: 'अपघाती आगीत चिनी वस्ती जळाली आणि रहिवासी निघून गेले.' देऊळही तेव्हाच जळालं. मिसेस वाँगच्या आजोबांनी ते परत उभं केलं. देव मात्र जुनाच, आगीतून वाचलेला. आता पितळेची नवी पाटी ओतायची आहे आणि मिसेस वाँगना त्यातून 'अपघाती' हा शब्द जायला हवा आहे. वय झालंय. म्हणतात, "पितळ माझ्यापेक्षा जास्त टिकेल. त्यावर खोटं नको."

*

आमचा देव क्वान कुंग. लाल तोंड, लांब दाढी, पूर्वी म्हणे मोठा योद्धा होता. माझी बायको पहिल्यांदा आली, तोंडाचा रंग बघितला आणि म्हणाली, "अहो, तेल आणायला हवं होतं. आज शनिवार."

मी म्हटलं, "हा मारुती नव्हे."

"मग हा पाव कशाला ठेवलाय?"

देवापुढे संत्री, चहाचे छोटे कप आणि अख्खा पाव. डेव्हची बेकरी आहे, पणजोबांपासूनची. दर शनिवारी तो स्वतः पाव आणून ठेवतो. मला वाटायचं, जाहिरात.

*

एकदा सॅक्रामेंटोहून डॉक्टर काका आले. मूळचे रत्नागिरीचे, रिटायर्ड कार्डिओलॉजिस्ट, देव न मानणारे. इथे लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकून देवाला प्रश्न विचारतात. काका म्हणाले, "अरे, हा तर आमचा कौल." आणि न मानणाऱ्या काकांनी लगेच विचारलं, "गुडघ्याचं ऑपरेशन करू का?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट बाजू वर.

मिसेस वाँग म्हणाल्या, "'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. देव हसतोय."

काका म्हणाले, "सर्जनही असाच हसला होता."

*

समितीची मीटिंग देवळातच होते. मी नव्या पाटीचा विषय काढला की डेव्ह म्हणतो, "आग कुणी लावली याचा प्रूफ आहे?"

"अपघात होता याचा आहे?"

"पाटीवर लिहिलंय ना."

"आणि पाटीवर कशावरून लिहिलं?"

"आधीच्या पाटीवरून."

नागपुरात एखाद्या फौजदाराने मला असं उत्तर दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापलं असतं. इथे मीटिंगनंतर डेव्हने मला बटर लावून पाव दिला. पाव उत्तम होता. भांडण तसंच राहिलं.

*

मागच्या महिन्यात देवाचा वाढदिवस झाला. भाजलेलं डुक्कर, संत्री, गर्दी. मी शाकाहारी, त्यामुळे पावाच्या बाजूला उभा. एका पर्यटक बाईंनी विचारलं, "चिनी देवाला पाव का?"

डेव्ह खुलला. सुरी हातात घेऊन पाव कापत सांगायला लागला, "आमच्या घराण्याची आठवण आहे ही. हा देव आमच्या बेकरीने वाचवला. माझे पणजोबा स्वतः ढकलगाडी घेऊन आले, देवाला उचललं आणि पिठाच्या पोत्यांमागे लपवलं. आग लागली त्या दिवशी घरात कुणी संध्याकाळच्या जेवणाला बसायच्या आत देव आत आला होता. आजी सांगायची, त्या दिवशी टेबलावर पहिला पाव देवाला वाढला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस वाँगनीही वाजवल्या. मग शांतपणे विचारलं, "डेव्ह, आग कधी लागली रे?"

"मध्यरात्री. सगळ्या गावाला माहीत आहे."

"आणि देव तुमच्याकडे आला त्याच दिवशी, संध्याकाळच्या जेवणाआधी."

डेव्हची सुरी पावात तशीच राहिली.

पाटी अजून ओतलेली नाही. डेव्ह दर शनिवारी पाव आणतो, देवापुढे ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. आग मध्यरात्री लागली. देव संध्याकाळीच निघाला होता.