लवचिक कशाला म्हणायचं

खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे काकू म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला उस्ताद. वेताची बैठक विणण्यात उस्तादांचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्नानंतर त्यांनीच बायकोला हे काम शिकवलं, तेही रागावत रागावत. वेताची पट्टी अंगठ्याभोवती गुंडाळायची आणि सोडून बघायची. "नुसता वाकतो तो मऊ," ते म्हणत. "मऊ काय, चिखलही असतो. वाकून परत सरळ होतो, त्याला लवचिक म्हणायचं." दागिन्यांच्या नावाने आनंदच होता, पण हा एक शब्द त्यांनी बायकोला अर्थासकट दिला.

दोन वर्षांपूर्वी लकव्याने उस्तादांचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून काकूंचा सगळा दिवस दुपारच्या एका तासावर उभा होता. घर दहा मिनिटांवर. एकच्या सुटीत धावत जायचं, त्यांना भरवायचं, कूस बदलायची आणि दोनच्या ठोक्याला परत विणायला बसायचं. जुन्या मालकांनी कधी हूं की चूं केलं नाही.

मग नवा मॅनेजर आला. त्याने भिंतीवर कागद लावला की कामगारांनी वेळेबाबत लवचिक असावे. म्हणजे ठरलेली सुटी बंद. फोन आला की यायचं, माल निघाला की जेवायचं. काकूंनी तो कागद दोनदा वाचला. एवढा घरातला शब्द, आणि त्याचा हा असा वापर त्यांच्या घशाखाली उतरेना.

"साहेब, माझा तेवढा एक तास ठेवा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दोन तास जास्त बसते."

"काकू, थोडं लवचिक व्हायला शिका."

"वेतसुद्धा वाकवून तसाच बांधून ठेवला, तर तसाच राहतो, साहेब. मधे सोडावा लागतो."

तो हसला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त स्वतःचंच बोलणं ऐकू येई. "जमत नसेल तर सांगा. विणणारे पुष्कळ मिळतात."

जमत नाही म्हणायची काकूंची ऐपत नव्हती. त्यांनी नणंदेला विचारलं, शेजारणीला विचारलं. सगळ्यांनी मनापासून हळहळ केली आणि आपापलं दार लावून घेतलं. उस्ताद एकटे असले की उठायला बघत. दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले तर उचलायला कोण होतं?

शेवटी काकूंनी वेताचा चार बोटं रुंद पट्टा विणला. उस्तादांना खुर्चीत बसवलं, डाव्या हाताशी पाणी आणि जेवण ठेवलं. वेत भिजवूनच विणतात, त्यामुळे पट्टा अजून ओला होता. तेवढ्यात फोन वाजला, लगेच निघा म्हणून. त्यांनी तो तसाच उस्तादांच्या छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधला आणि धावत सुटल्या.

ओला वेत वाळताना आवळतो. बैठक ताठ बसते ती त्यामुळेच, आणि हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तीस वर्षं विणणाऱ्या बाईला ते सांगायला नको. पण डोकं फोनमध्ये अडकलं होतं आणि हात सवयीने चालले होते.

चार वाजता त्या घरी आल्या, तेव्हा उस्तादांचे ओठ निळे पडले होते. पट्टा छातीत रुतला होता आणि श्वास तुटक तुटक येत होता. विळी, सुरी, हाताला लागेल त्याने त्यांनी तो कापला. मग खाली बसून त्यांच्या गुडघ्याला कपाळ लावलं. "मी मारलं असतं हो तुम्हाला."

बऱ्याच वेळाने उस्तादांनी अर्ध्या तोंडाने शब्द जुळवले. "ओला... बांधलास."

चूक काढल्याशिवाय राहतील तर ते उस्ताद कसले. काकूंना हसू यायला हवं होतं, पण रडणंच आवरेना.

सहाला मॅनेजरचा फोन आला. उद्या सकाळी सातला. "येते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःच्या आवाजाची किळस आली. दुसरा पट्टा विणून त्यांनी चुलीजवळ कडकडीत वाळवला.

सकाळी पट्टा हातात घेऊन त्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या. हात पुढे जाईना. "नाही हो जमायचं मला," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी घड्याळाकडे पाहिलं. मग पट्टा काखेखालून जावा म्हणून त्यांनी आपला चांगला हात वर उचलून धरला.