कराचीतला शुक्रा

पाकिस्तानशी लढाई चालू होती त्या मे महिन्यातल्या एका सकाळी टीव्हीवाल्यांनी कराची बंदर जाळून टाकलं आणि वेवजीच्या नाक्यावरच्या दुकानात लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरची बाई अशी काही खुशीत किंचाळत होती की जणू तिच्या घरी लग्न निघालंय. जिवली मीठ घ्यायला आली होती. तिचा नवरा शुक्रा त्याच कराचीच्या तुरुंगात होता. दोन वर्षांपूर्वी तो गुजरातेतल्या ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. पाण्यावर न दिसणारी हद्द बोटीने ओलांडली म्हणे, आणि पलीकडच्यांनी बोटीसकट सगळ्यांना उचललं.

तिने मिठाची पिशवी फळीवर आपटली. "वाजवा टाळ्या! माझा माणूस जळतोय तिथं."

टाळ्या बंद पडल्या. दोन दिवसांनी कळलं की कराचीत काही जळलंच नव्हतं. ते दोन दिवस जिवलीने नुसतं पाणी पिऊन काढले. पण खोटं ओरडणाऱ्यांपैकी कोणाची मान खाली गेली नाही. उलट ते पुढचं शहर जाळायला मोकळे झाले.

जिवली गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच कधी. बापाला मुलगा नाही म्हणून तिने शुक्राला घरजावई करून घेतला होता. तो समुद्रावर गेला की भात, नागली, बापाचं औषधपाणी सगळं तिच्या अंगावर. तो पकडला गेल्यापासून तालुक्याच्या कचेरीत ती इतक्यांदा जाऊन आली होती की शिपाई तिला पाहिल्यावर खुर्चीच सरकवायचा. शुक्राची शिक्षा केव्हाच संपली होती. अडलं होतं ते एका कागदावर. हा माणूस आमचाच, एवढं इकडून लिहून जायला हवं होतं.

जूनमध्ये कारकुनाने पोलीस चौकशीचा कागद काढून वाचला. 'सदर इसम या गावी राहत नाही. नातेवाईक कोणी नाहीत.' खाली अंगठा होता लडक्याचा. लडक्या म्हणजे शुक्राचा सख्खा थोरला भाऊ.

शुक्रा राहायचा वेवजीला, पण आधार कार्डावर पत्ता अजून उधव्याचाच होता, त्याच्या बापाच्या घरचा. तिथेच पोलीस चौकशीला गेले होते. जिवली मिळेल त्या जीपला लोंबकळत उधव्याला पोचली. लडक्या अंगणात कुडाला माती लिंपत होता.

"भाव मेला का तुझा?"

लडक्याला कळलं. त्याने हातातला गोळा खाली टाकला. "पोलीस इचारत होते, पाकिस्तानात तुझा कोन? लढाई चालू होती, जिवले. मोबाईलवर रोज कोनाला तरी गद्दार म्हनून धरत होते. मी सांगितलं, कोन नाय."

"आन रॅलीत झेंडा घेऊन बोंबलत होतास, कराची उडवा म्हनून? भाव कुठं हाय ते ठाऊक नव्हतं?"

"पाकिस्तानात हाय ते ठाऊक होतं. कराचीत हाय ते नव्हतं," लडक्या म्हणाला आणि पडलेला गोळा गोळा करायला खाली बसला.

जिवलीला त्याच्या तोंडात ती माती कोंबावीशी वाटली. पण सख्ख्या भावाला भाऊ म्हणायची ज्याला भीती वाटली, त्याला ती भीती घातली कोणी? आपल्या माणसांची नावं घ्यायला माणसं थरथर कापू लागली, तर त्या देशप्रेमाला जाळायचंय काय? तिने लडक्याला दंडाला धरून उठवलं आणि तसाच, मातीच्या हातांनी, कचेरीत नेला. त्याने नवा जबाब दिला. शुक्रा माझा भाऊ, मी भ्यालो, खोटं बोललो.

तो कागद वर जाऊन यायला भातकापणी उलटली. साहेबाने दोघांना बोलावून घेतलं. "काम झालं, बाई. शुक्रा भारतीय आहे असं आपण कळवलंय."

"मंग येल कधी?"

"ते आता सांगता येणार नाही. लढाईनंतर दोन्हीकडचं बोलणं बंद आहे. त्यांनी आपले खलाशी धरलेत, आपण त्यांचे. आधी कोणी सोडायचे, हा देशहिताचा प्रश्न आहे."

"आपन धरलेत ते पन मासेवालेच?"

"हो."

"त्यांच्या बाया पन अशाच कचेरीत बसल्या असतील?"

साहेब फाईल चाळू लागला. लडक्याने जिवलीचा पदर ओढला, चल म्हणून. तिने त्याचा हात झिडकारला.

"साहेब, इतके दिस तो तुमचा नव्हता म्हनून सडला. आता तुमचा झाला, तर तुमचा म्हनून सडायचा. मंग तू दुसरा कागद लिही. हा मानूस कोनत्याच देशाचा नाय, जिवलीचा हाय. दोन्हीकडं धाड. मी अंगठा देते."

"असं लिहिता येत नाही, बाई," साहेब म्हणाला आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

जिवलीने ते पेन त्याच्या हातातून हिसकावलं, टोपण काढलं आणि पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

"लिही."