नाहीतर मॅडम

कुठलंही काम झालं असं सांगितलं की मॅडमचा प्रश्न ठरलेला, "अन् नाही झालं तर वं?" म्हणून दवाखान्यात सगळे त्यांना 'नाहीतर मॅडम' म्हणायचे. त्यांनाही ते ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरातल्या आमच्या लहानशा धर्मादाय दवाखान्यात कम्प्युटर आला, आणि त्याचे प्रोग्राम लिहायला मॅडम आल्या. मी नोंदणीच्या खिडकीवर बसायची. पेशंटची नोंद करतानाच एक बटण दाबलं की रक्तदात्यांच्या यादीचा दुसरा प्रोग्राम उघडायचा. पहिल्यांदा तो उघडला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी त्याची फ्लॉपी काढून घेतली.

"आता दाब."

काहीच उघडेना. "हेच पाहून राहिली होती मी," त्या म्हणाल्या.

मग कितीतरी दिवस त्या मुद्दाम चुकीची फ्लॉपी घालायच्या, मध्येच वीज बंद करायच्या. डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवत म्हणायच्या, "माह्या टेबलावर उघडते, त्याचं कौतुक नाही. तुह्या खिडकीपुढं रांग असताना उघडलं पायजे." शेवटी त्यांनी सोय केली. यादी उघडली नाही, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य यायचं, 'घाबरू नका, गुरुजींना फोन करा', आणि खाली नंबर. नंदनवन वस्तीतल्या या निवृत्त गुरुजींकडे रक्तदात्यांची छापील यादी ठेवलेली असे.

एका दुपारी खापरखेड्याहून बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. मी बटण दाबलं आणि यादी उघडलीच नाही. मी पुन्हा बटणाकडे हात नेला. तेवढ्यात ते वाक्य आलं. गुरुजींनी फोनवर नावं वाचून दाखवली. जरीपटक्याहून दोघं सायकली हाणत आले. बाई वाचली.

संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "माही माय अशीच बाळंतपणात गेली," त्या म्हणाल्या. "कोणाले बोलवावं, तेच कोणाले माहीत नव्हतं."

पुढं त्यांना पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आधल्याच आठवड्यात माझं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप होतो. तरी मॅडम दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होत्या. जेवायला घरी जा, असा मी निरोप पाठवला.

"बसू दे मले," एवढंच त्यांनी आयाजवळ सांगितलं.