कूलर बंद, सुट्टी चालू

झाशी स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळच होती, पण फलाटावरच्या तापलेल्या लोखंडी बाकावर बसायची सोय राहिली नव्हती. माझ्याकडे एक बॅग, कूलरचा एक नवा फ्लोट आणि परतीची दोन तिकिटं होती. दुसरं तिकीट माझ्या मुलाचं, निहारचं. त्याला घरी न्यायला आले होते.

फ्लोट म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा गोळा. त्याचं सांगून टाकते. नाशिकला माझं नळाच्या सामानाचं दुकान आहे. निहार ज्यांच्याकडे राहत होता त्या विमलकाकू फोनवर म्हणाल्या होत्या, की कूलरच्या टाकीतून पाणी वाहून जातं. दुसऱ्याच्या घरी लोक मिठाई नेतात, मी लागणारी वस्तू नेते.

निहार आणि विमलकाकूंची मुलगी केतकी पुण्याला एका कॉलेजात होती. दोघं मिळून गाणी करतात. जोडीचं नाव 'टेरिकॉट'. गाणी नवी, पण थाट सगळा जुना. ऑर्केस्ट्रात वाजायचा तसला ऑर्गन, टाळ्यांचा ठेका, बेलबॉटम, ठिपक्यांच्या रिबिनी. पहिला अल्बम विरहाचा आणि धुक्याचा होता. तो ऐकून पुष्कळ मुलामुलींनी रडल्याचं त्यांना कळवलं. दुसरा उन्हाळ्याच्या सुट्टीचा, हसताखेळता करायचा ठरला. नावही 'सुट्टी लागली'. तो करायला निहार होळीनंतर पंधरा दिवसांसाठी म्हणून झाशीला गेला, आणि आता बाजारात आंबे उतरले होते. मधल्या काळात नाशिकच्या एका कारखान्यात ठरलेल्या नोकरीची तारीख त्यानं दोनदा पुढे ढकलून घेतली. तिसऱ्यांदा कंपनीनं स्वच्छ कळवलं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो.

त्या मुलीनं त्याला अडकवून ठेवलंय, अशी माझी खात्री होती.

रिक्षावाल्याला सिविल लाइंस सांगितलं. तो म्हणाला, "पहले किला देख लीजिए, धूप चढ़ जाएगी."

"किला नहीं देखना. लड़के को लेने आई हूँ."

"भागा हुआ है क्या?"

"नहीं, गा रहा है."

"फिर तो वही बात हुई," असं म्हणून त्यानं रिक्षा काढली.

विमलकाकूंनी दार बोटभर उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून आत ओढलं. आत अंधार होता आणि भट्टीसारखी धग. समोर केतकीचे वडील, दत्ताजी, बनियनवर बसले होते. हातात वर्तमानपत्र, पण पान उलटायची चोरी. भिंतीतला मोठा कूलर बंद, डोक्यावरचा पंखा बंद, फ्रिजची पिनसुद्धा काढलेली. आतल्या बंद खोलीतून ऑर्गन ऐकू येत होता. आम्ही तिघं फोटो काढायला बसल्यासारखी बसलो. माझ्या पाठीवरून घामाचा थेंब निघाला, तो कमरेपर्यंत पोहोचल्याचं मला कळलं.

मग खोलीचं दार उघडलं आणि माझ्या मुलाचा आवाज आला, "टेक छान होता. अजून एक घेऊ."

"रेकॉर्डिंग चाललंय ना, ताईजी," विमलकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "कूलरची घरघर माइकमध्ये येते. म्हणून बंद. कुकरसुद्धा लावत नाही, शिटी येते. बटाटे तसराळ्यात (पसरट भांड्यात) उकडते."

"दिवसातून किती वेळा?"

"अब गिनना छोड़ दिया," दत्ताजी म्हणाले. "सुट्टी लागली म्हणतात. कोणाला लागली?"

निहार बाहेर आला. वाळला होता. पिवळी बेलबॉटम घातलेल्या माणसावर रागावणं सोपं नसतं, तरी मी म्हटलं, "परवा दुपारची गाडी आहे."

"आई, एकच गाणं राहिलंय."

"केवढं?"

"तीन मिनिटांचं."

"मग परवापर्यंत पुष्कळ वेळ आहे."

तो हसला नाही. नखं खात पुन्हा आत गेला.

विमलकाकूंनी पन्हं दिलं. भाजलेलं जिरं आणि पुदिना घातलेलं, इकडच्या पद्धतीचं. दत्ताजींचे पूर्वज देवळाच्या पूजेसाठी देशावरून इथं आले, ते इथलेच झाले. घरात मराठी आहे, पण तिला हिंदीचं अस्तर. मधूनच एखादा असा शब्द येतो की मी तो लहानपणानंतर ऐकलेला नसतो. जेवायला कढीत भिजवलेले बरे (उडदाचे वडे) होते आणि वेळणीत (काठाच्या छोट्या ताटलीत) आंब्याचा तक्कू (किसलेल्या कैरीचं लोणचं). दोन घास होतात न होतात तोच आतून हाक आली, "शांत बसा प्लीज!" दत्ताजींनी तोंडातला वडा चावायचा थांबवला. पाहुणा मुलगा, त्याला बोलायचं कसं, म्हणून हे कुटुंब महिनोन्महिने असं जेवत होतं.

दुपारी मी कूलरचा फ्लोट बदलला. पाणी थांबलं. पण कूलरच लावायचा नाही, तर त्याचं कौतुक कुणाला?

संध्याकाळी केतकीनं मला तयार गाणी ऐकवली. गच्चीवरच्या पापडांची राखण, स्कूटरवर तिघं, भर दुपारी चोरून खाल्लेला बर्फाचा गोळा. ज्या खोलीत हे सगळं रेकॉर्ड केलं तिच्या खिडकीला गादी लावलेली, उन्हाचा कवडसाही आत येत नव्हता. मला गाण्यातलं कळत नाही. पण ऐकताना माझा पाय हलत होता आणि मी तो थांबवला नाही. शेवटचं गाणं 'डबा'. सुट्टी संपल्यावर मामाच्या घरून निघताना गाडीसाठी दिलेला डबा. अडलं होतं ते तिथंच.

दुसऱ्या दिवशी समथरला जायचं ठरलं. अल्बमवर फोटो हवा होता, मागे समथरचा किल्ला आणि पुढे ही दोघं. दत्ताजींची जुनी गाडी केतकी चालवणार होती. निघताना मी विमलकाकूंना गमतीनं विचारलं, "दही नाही का देत हातावर?"

"छे. संध्याकाळी परत येणार ना तुम्ही. आमच्याकडे दही घेतलं की पुन्हा घरात बसायचं नसतं."

"खरंच पाळता?"

"यांनाच विचारा."

दत्ताजींनी सुस्कारा सोडला. "एकदा कानपूरला निघालो होतो. दही घेतलं, और गाड़ी लेट. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसलो. हिनं जेवण पण पायरीवर दिलं."

"मग? दही घेतलं होतं," विमलकाकू म्हणाल्या. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

कानपूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापणी झालेली शेतं होती, पिवळी, रिकामी, डोळ्यांना टोचणारी. वाटेतल्या मोठ गावात गव्हाच्या बाजारापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ट्रॉल्यांवर पोती, पोत्यांवर माणसं, डोक्याला गमछे. आम्ही तिथं अडकलो. केतकी स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसली. मागे निहार सीटवर बोटं वाजवत होता. मग गुडघा हलवायला लागला, मग खिडकी खाली, पुन्हा वर.

"शेवटची ओळ थोडी हळू म्हटली तर?" तो म्हणाला.

"तशी पण म्हटली आहे," केतकी म्हणाली.

"मग जोरात?"

"तशी पण."

समथरच्या बाजारापाशी ऊन असं होतं की शहाण्या माणसांनी दुकानांचे पडदे खाली सोडले होते. ही दोघं मात्र किल्ला मागे घेऊन रस्त्यात उभी. केतकीनं कॅमेरा तिपाईवर लावला होता. उजेड चेहऱ्यावर पाडायला मी थर्मोकोलची शीट धरली होती, ती वाऱ्यानं उडाली आणि बांगड्यांच्या दुकानात जाऊन पडली. आणायला गेले तर बांगडीवाली म्हातारी बाहेरच आली.

"काय बिन्नू, ब्याव है का? दूल्हा तो पीरो पैरें ठाड़ो." (काय गं बाई, लग्न आहे का? नवरदेव तर पिवळं घालून उभा आहे.)

"नईं अम्मा, गाने की फोटू है," केतकी म्हणाली.

"तौ गाओ! ठाड़े काय हो?" (मग गा की! नुसते उभे का?)

म्हातारीचा प्रश्न मला रास्त वाटला.

फोटो झाल्यावर निहार पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. मी आणि केतकी दुकानाच्या सावलीत बसलो. जे बोलायचं ते तोंडावर बोलावं म्हणून मी म्हटलं, "केतकी, तू त्याला सोड आता. सोमवारी त्याला नोकरीवर हजर व्हायचंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, मी? मी तर कब से सांगते त्याला, जा. मला समजतं सगळं, बोलताना गडबड होते, तर हिंदीत सांगू?"

"सांग."

"गाना हो चुका है. दूसरा टेक ही सही था. उसके बाद से वो बस दोहरा रहा है. पहला अल्बम सुनके लोग रोए थे ना? उसको लगता है, इस पर कोई रोएगा नहीं तो सब हल्का समझेंगे. और यह ख़त्म हुआ तो..." ती थांबली, मग मराठीत म्हणाली, "सुट्टीच्या शेवटच्या दिवशी लहान मुलं पलंगाखाली लपतात ना, तसा लपलाय तो."

"मग तुझ्या आईनं का नाही सांगितलं मला?"

"आई? पाहुण्याला जा म्हणेल? उकडून मरेल, पण म्हणणार नाही."

इतके दिवस ज्या मुलीला मनात बोल लावत होते, ती माझ्याच बाजूची निघाली होती.

निघायचा दिवस उजाडला तोच कूलर बंद असताना. निहारनं बॅग भरली नव्हती. खोलीचं दार लागलं, उघडलं, पुन्हा लागलं. मी दिवाणखान्यात येरझारा घालत होते. चप्पल वाजते म्हणून अनवाणी. विमलकाकूंनी आमचा डबा भरून ठेवला होता, दशम्या आणि लोणचं. दत्ताजी घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

दार उघडलं. निहार डोकं बाहेर काढून म्हणाला, "आई, उद्याच्या गाडीचं तिकीट मिळतं का बघ ना. आज नाही होत."

"उद्या होईल?"

"बहुतेक."

"आणि सोमवार?"

त्यानं दार लावून घेतलं. आत ऑर्गन सुरू झाला. मी त्या दारापुढे उभी राहिले. आत शिरून कान धरून ओढावं इतपत राग आला होता, पण पंचविशीच्या मुलाला कान धरून आगगाडीत बसवता येत नाही.

विमलकाकू उठल्या. पदरानं कपाळ पुसलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि वेळणीत दही घेऊन आल्या. मला वाटलं माझ्यासाठी. त्या सरळ माझ्यापुढून गेल्या आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू असताना. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

"काकू, चालू आहे, एक मिनिट..."

"हात."

निहारनं ऑर्गनच्या पट्ट्यांवरचा उजवा हात उचलून पुढे केला. मोठ्या माणसानं मागितला की हात पुढे जातोच, त्याला इलाज नसतो. काकूंनी तळव्यावर चमचाभर दही घातलं, वर चिमूटभर साखर.

"पुन्हा ये," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी साखरेची आणखी एक चिमूट सोडली. नको असलेल्या पाहुण्याला कुणी अशी दुसरी चिमूट देत नाही.

निहार तळहाताकडे बघत राहिला. दही घेतलेल्या हातानं ऑर्गन वाजवता येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं.

"ले लिया? दही ले लिया?" बाहेरून दत्ताजींनी विचारलं.

"ले लिया!" केतकी ओरडली.

आणि कूलर धडधडत सुरू झाला.

निहारनं तळवा चाटला. हेडफोन काढून ऑर्गनवर ठेवला आणि सरळ चालत बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. त्याची बॅग मीच भरली. रिक्षा येईपर्यंत तो पायरीवरून सूचना देत होता, आवाज आत पोहोचेना म्हणून केतकीनं खिडकीची गादी ओढून काढली. खोलीत ऊन पसरलं.

"बेस थोडा कमी ठेव!" निहार म्हणाला.

"जा ना रे!" ती म्हणाली. "दूसरा टेक रख रही हूँ. दुसरा म्हणजे दुसराच."

गाडीत बीना स्टेशन जाईपर्यंत तो गुडघ्यावर ठेका वाजवत होता. मग डबा उघडला आणि माझ्याही वाटणीच्या दशम्या खाल्ल्या.

सोमवारी तो हजर झाला. अल्बम श्रावणात आला. काहींनी कळवलं की पहिलाच बरा होता, त्यात दुःख होतं. काहींनी कळवलं की स्कूटरचं गाणं लागलं की त्यांची लहान मुलं जेवतात. निहारनं दोन्ही वाचून दाखवलं आणि डबा घेऊन कामाला गेला. तिथलं काम त्याला आवडतं की नाही ते मी विचारलेलं नाही. पण जेवताना अजून गुडघा हलतो.

शेवटच्या गाण्यात केतकीनं एक आगाऊपणा केला आहे. दुसरा टेक संपला की दार उघडल्याचा आवाज येतो. 'हात पुढे कर.' 'काकू, चालू आहे...' 'हात.' 'पुन्हा ये.' आणि मग कूलर सुरू होतो. मी तिला फोनवर म्हटलं, हे काढून टाक, लोकांना काय कळणार? ती म्हणाली, "रहने दीजिए मावशी." तिनं ते तसंच ठेवलं.

दुकानात मी ते गाणं लावते. कूलर लागला की गिऱ्हाइकं हमखास वर बघतात. परवा एक प्लंबर म्हणाला, "ताई, पंखा खडखडतोय, तेल घाला."

एकदा मी निहारला विचारलं, "मी दोन दिवस घसा फोडत होते, तेव्हा हलला नाहीस. मी दही घातलं असतं तर?"

"तू घातलं असतंस तर चाटून पुन्हा वाजवायला बसलो असतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बसून राहिलं तरी चालतं."

प्रवासात काय मिळवलं म्हणाल, तर हे एक वाक्य. किल्ला पाहायचा राहिलाच.

दिवाळीला त्याला सुट्टी आहे. झाशीला जाऊ का, असं तो दोनदा बोलता बोलता थांबला. तिसऱ्या अल्बमचं काहीतरी दोघांचं चाललेलं असावं. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही नाही. विरजण मात्र रोज लावते.